दारात झालेली सही आणि त्यानंतरचे चार दिवस

परभणीतील एका निवृत्त शिक्षकांच्या मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या स्वतः पुण्याला नोकरी करतात आणि आई-वडील परभणीत दोघेच राहतात. गेल्या शनिवारी भर दुपारी गणवेश घातलेले दोन तरुण "पाण्याची मोफत तपासणी" करायची म्हणून घरी आले. त्यांनी नळाचे पाणी एका उपकरणाने डोळ्यांदेखत काळे करून दाखवले आणि दोन-अडीच तास बसून १९ हजार रुपयांचे पाणी शुद्ध करणारे यंत्र, देखभालीच्या तीन वर्षांच्या करारासह, वडिलांच्या गळ्यात मारले. ३ हजार रुपये रोख घेतले आणि उरलेल्या १६ हजारांचे कर्ज वडिलांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून घेऊन तिथल्या तिथे मंजूर करवले. आता यंत्र भिंतीवर आहे, आईला झोप लागत नाही आणि वडील "माझीच चूक झाली, आता विषय काढू नका" असे म्हणून गप्प बसतात. यातून बाहेर पडता येईल का आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून घरात काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी बावीस वर्षांपासून मराठवाड्यातील जिल्हा ग्राहक आयोगांपुढे वकिली करतो आणि घरगुती सेवांच्या अशा दारातल्या विक्रीची प्रकरणे दरवर्षी माझ्याकडे येतात. कायद्याकडे वळण्यापूर्वी वडिलांसाठी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे आलेल्या या लोकांनी त्या दिवशी जे केले, ते शिकवून, घोकून आणि शंभर घरांत वापरून पक्के झालेले तंत्र होते. समोर बसलेला माणूस शिकलेला आहे की नाही याने त्यात फारसा फरक पडत नाही. माझ्याकडे याच कारणासाठी प्राध्यापक आले आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आले आहेत, एकदा तर एक वकीलही आले होते. लाजेपोटी गप्प बसणे हीच विक्रेत्याची सर्वांत मोठी कमाई असते, कारण कर्जातून सुटण्याची मुदत त्या गप्प बसण्यातच निघून जाते.

म्हणून सर्वांत आधी कर्जाचे पाहावे, यंत्राचे नंतर. वडिलांच्या मोबाईलवरचे शनिवारचे सगळे संदेश आणि ईमेल काढून कर्ज नेमके कोणत्या संस्थेने दिले ते शोधा. विक्रेत्याची कंपनी आणि कर्ज देणारी संस्था या बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. कर्जासोबत एक मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे, त्यात व्याजाचा खरा वार्षिक दर, सगळी शुल्के आणि कर्जातून माघार घेण्याची मुदत लिहिलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जवाटपाच्या नियमांनुसार कर्जदाराला अशी मुदत द्यावीच लागते, आणि तिच्या आत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरले तर कोणताही दंड न लागता कर्ज बंद होते; कर्ज देताना प्रक्रिया शुल्क सांगितलेले असेल तर तेवढे मात्र संस्था ठेवून घेऊ शकते. मुदत किती दिवसांची असावी हे त्या संस्थेचे संचालक मंडळ ठरवते, परंतु ती एका दिवसापेक्षा कमी असू शकत नाही. आपल्या प्रकरणात चार दिवस झालेले आहेत, त्यामुळे ती उलटून गेलेली असू शकते किंवा अजून चालूही असू शकते. उद्यावर न टाकता आजच पाहा.

यात एक अडचण आहे, ती आपल्यापासून लपवत नाही. कर्जाचे पैसे विक्रेत्याच्या खात्यात गेलेले असतात, त्यामुळे मुदतीत माघार घ्यायची तर १६ हजार रुपये आधी आपल्याला भरावे लागतात आणि मग विक्रेत्याकडून वसूल करत बसावे लागते. म्हणून माझा सल्ला असा की एकाच वेळी दोघांना लेखी कळवावे: विक्रेत्याला व्यवहार रद्द केल्याचे, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेला व्यवहार रद्द केल्याचे व कर्ज दिशाभूल करून काढले गेल्याचे. विक्रेत्याने रद्द करण्यास मान्यता दिली की तो पैसे परत पाठवतो आणि कर्ज आपोआप बंद होते. माझ्या अनुभवात पहिल्या आठवड्यात खणखणीत पत्र गेले तर बऱ्याच कंपन्या हाच मार्ग पत्करतात. निकाल लागेपर्यंत हप्ता मात्र थांबवू नका. रागाच्या भरात बँकेला सांगून हप्ता बंद केला की पतनोंद वडिलांची बिघडते, विक्रेत्याचे काहीच बिघडत नाही. विक्रेत्याने एखादा धनादेश घेतला असेल तर त्याबाबत अधिक जपून वागायला हवे, कारण धनादेशाची रक्कम रोखली तरीही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस येऊ शकते, आणि त्या नोटिशीनंतर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून अशी नोटीस आली तर तिला याच १५ दिवसांत लेखी उत्तर गेलेच पाहिजे. कर्ज देणाऱ्या संस्थेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला शुल्क लागत नाही.

यंत्राचा वापर आजपासून बंद करा. त्याची खोकी, छापील पुस्तिका, हमीपत्र आणि वडिलांच्या सहीच्या कागदाची प्रत एका पिशवीत ठेवा. "मेंबरेन बदलायचे राहिले आहे" असे सांगून कोणी पुन्हा आला तर घरात घेऊ नका, कारण त्या भेटीत "सेवा समाधानकारक" अशा कागदावर दुसरी सही घेतली जाते, आणि पुढे आयोगासमोर तोच कागद पहिल्यांदा मांडला जातो.

आता त्या काळ्या पाण्याबद्दल. हा प्रयोग मी माझ्याच घरी पाहिला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. टेबलावर दोन पेले ठेवतात, एकात आपल्या नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. वरून चार सळ्या असलेले एक उपकरण दोन्ही पेल्यांत बुडवून वीज सुरू करतात. मिनिटाभरात आपले पाणी आधी पिवळट, मग हिरवट आणि शेवटी गंजासारखे तपकिरी-काळे होते, तळाशी गाळ साचतो. त्यांचे पाणी मात्र तसेच नितळ राहते. "काका, हे तुम्ही रोज पिता," एवढे एकच वाक्य बोलून ते थांबतात. खरी गोष्ट अशी की तो गाळ पाण्यात नसतोच, तो त्या सळ्यांचा असतो. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंडी सळी झिजून तिच्या लोखंडाचा गाळ तयार होतो. त्यांच्या यंत्राच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असल्याने त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि सळी झिजत नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणले, त्यांच्याच शुद्ध पाण्याच्या पेल्यात टाकून ढवळले आणि म्हटले, आता पुन्हा लावा. पाहता पाहता तो पेलाही तसाच काळवंडला. दोघांपैकी लहान मुलगा खरोखर चकित झाला होता. त्याला प्रशिक्षणात पाण्यातली घाण दिसते असेच सांगितलेले होते. त्याला मी चहा दिला आणि बराच वेळ त्याच्याशी बोललो, कारण तोही याच भागातला, पदवी घेऊन गावाकडून आलेला आणि विक्री झाली तरच पैसे मिळणारा होता.

दुसरे उपकरण टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे. पेनासारख्या या मीटरवर ४८० किंवा ६०० असा आकडा येतो आणि तो वाचून दाखवताना चेहरा गंभीर केला जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. म्हणजे ४८० हा आकडा घाबरण्याचा नाही. तसेच हा मीटर पाण्यात जंतू आहेत का, नायट्रेट किंवा फ्लोराइड किती आहे, यातले काहीही सांगत नाही.

याचा अर्थ अशी यंत्रे निरुपयोगी आहेत असा मात्र घेऊ नये. मराठवाड्यात पाण्याची भीती पोकळ नाही. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या किंवा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या कोणत्याही गावातल्या गृहिणीला "तुमचे पाणी चांगले नाही" हे पटवून द्यायला फार कष्ट पडत नाहीत, कारण टँकर, बोअर आणि जार यांवर तिने उन्हाळे काढलेले असतात. बोअरच्या पाण्यात क्षार खूप असतात हे खरे आहे, आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यासारख्या भागात फ्लोराइडचा प्रश्नही खरा आहे. तिथे असे यंत्र आवश्यक ठरू शकते. परंतु ते आवश्यक आहे की नाही हे विक्रेत्याच्या पेल्यावरून ठरत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, तिथे स्वच्छ बाटलीतून नमुना दिला की किरकोळ शुल्कात लेखी अहवाल मिळतो. आपल्या घरच्या पाण्याचा नमुना अशा अहवालासाठी आजच्या आज द्या, कारण पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर विक्रेत्याने सांगितलेले खोटे होते हे त्याच कागदाने सिद्ध होईल. यंत्र ठेवायचे ठरले तरी शुद्ध पाण्याच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर पडते हे लक्षात ठेवावे; ते पाणी बादलीत धरून भांडी आणि फरशीसाठी वापरल्याशिवाय आपल्याकडे हा सौदा परवडणारा नाही.

कायद्याबाबत एक गैरसमज सगळ्यात आधी काढून टाकतो. ब्रिटनमध्ये घरी येऊन केलेल्या विक्रीत ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. यंत्र व्यवस्थित चालत असेल, सांगितलेली किंमत खरी असेल आणि कोणतीही खोटी गोष्ट सांगितलेली नसेल, तर केवळ मन बदलले म्हणून पैसे परत मिळवणे अवघड आहे. आपली बाजू भक्कम आहे ती या कारणाने की सही मिळवण्यासाठी खोटे सांगितले गेले. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार फसवणूक, चुकीचे निवेदन किंवा अनुचित प्रभावाने मिळवलेली संमती ही मोकळी संमती नसते आणि असा करार ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द ठरवून घेता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या किंवा सेवेच्या उपयोगाबद्दल खोटे सांगणे आणि बिल न देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. म्हणून आईला आणि वडिलांना वेगवेगळे बसवून, न चिडता, त्या अडीच तासांत काय काय बोलले गेले ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. "आम्ही महानगरपालिकेकडून आलो आहोत" असे वाक्य उच्चारले गेले होते का, हे मुद्दाम विचारा. ते उच्चारले गेले असेल तर प्रकरण वेगळेच होते. तोतयेगिरीने फसवणूक करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खालचा गुन्हा आहे आणि पोलिसांकडे जाण्याला आधार मिळतो.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये थेट विक्रीसाठी स्वतंत्र नियम झाले. त्यांनुसार थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. हे नियम विक्रेत्यांच्या साखळीतून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत, त्यामुळे पगारी प्रतिनिधी पाठवणारी कंपनी "आम्हाला ते लागू नाहीत" असा युक्तिवाद करील. तरीही पत्रात त्यांचा उल्लेख करावा, कारण न कळवता घरात शिरून अडीच तास बसणे ही उचित रीत नव्हे हे त्यातून स्पष्ट होते.

पत्राचा मजकूर लांबवू नये. मी साधारण असा लिहून देतो: "दिनांक अमुक रोजी दुपारी आपले दोन प्रतिनिधी पूर्वसूचना न देता माझ्या घरी आले. पाण्याची मोफत तपासणी करण्याच्या निमित्ताने त्यांनी विजेच्या सळ्यांचा प्रयोग करून माझ्या नळाचे पाणी पिण्यास घातक असल्याचे खोटे सांगितले आणि त्यावर विसंबून मी सही केली. मला करार वाचण्यास वेळ दिला गेला नाही. सबब हा व्यवहार व देखभालीचा करार मी या पत्राने रद्द करीत आहे. आपले यंत्र ज्या स्थितीत बसवले त्या स्थितीत आहे व ते आपण आपल्या खर्चाने सात दिवसांत घेऊन जावे, माझे रोख ३ हजार रुपये परत करावेत आणि माझ्या नावावर काढलेले कर्ज बंद करून तसे लेखी कळवावे. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन." हे पत्र पोस्टाने पोच मिळेल अशा प्रकारे आणि ईमेलने, दोन्ही मार्गांनी पाठवावे. फोनवर बोलू नये असे मी म्हणत नाही, पण फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी "आपल्याशी झालेल्या बोलण्याप्रमाणे" असे लिहून ईमेलने पाठवावे.

सात दिवसांत काही हालचाल झाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवा. ती न्यायालय नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. परंतु मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत एवढ्यानेही काम होते. त्याने भागले नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे करारावर बारीक अक्षरात "न्यायक्षेत्र दिल्ली" असे छापलेले असले तरी आपल्याला दिल्लीला जावे लागणार नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल होते आणि वकील लावणे सक्तीचे नाही. देखभालीच्या कराराची कलमेच एकतर्फी आहेत असे म्हणायचे असेल तर ते अनुचित कराराचे प्रकरण होते आणि त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. एवढ्या रकमेसाठी त्या वाटेला जाऊ नये, दिशाभूल आणि अनुचित प्रथा एवढ्याच मुद्द्यांवर जिल्ह्यातच थांबावे. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, याची तयारी मात्र ठेवा.

पाण्याच्या यंत्राखालोखाल माझ्याकडे गॅसच्या तपासणीची प्रकरणे येतात. अंबाजोगाईला माझ्या सासूबाईंकडे असाच एक माणूस आला, शेगडीखाली आरसा धरून "मावशी, पाइप आतून फुटायला आलाय, सरकारचा नियम आहे, नाही बदलला तर विमा मिळणार नाही" असे म्हणाला आणि पाइप व शेगडीच्या सर्व्हिसचे १८०० रुपये घेऊन गेला. जुना पाइप त्याने सोबत नेला नाही, म्हणून तो मला पाहता आला. त्यावर छापलेल्या तारखेनुसार तो जेमतेम चौदा महिन्यांचा होता. नारिंगी सुरक्षा पाइपचे आयुष्य पाच वर्षांचे असते आणि तारीख पाइपवरच छापलेली असते, ती आई-वडिलांना आजच दाखवून ठेवा. ठराविक काळाने तपासणी व्हावी असा नियम खरोखर आहे, पण ती आपला वितरक करतो. म्हणून गॅसच्या पुस्तकावरच्या क्रमांकावर फोन करून "तुम्ही माणूस पाठवला आहे का" एवढे विचारले की प्रश्न मिटतो. खरोखरच गळती वाटली तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

छतावरच्या सौर पॅनेलची विक्री गेल्या दोन वर्षांत फार वाढली आहे. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये आहे. ते काम पूर्ण झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते आणि काम करणारा नोंदणीकृत पुरवठादार ग्राहकानेच राष्ट्रीय पोर्टलवरून निवडायचा असतो. "कोटा संपत आला, आज ५ हजार भरा म्हणजे नाव लागते" असे दारात येऊन सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. वाळवीच्या औषधवाल्याकडे कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागावा आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल स्वतः वाचावे. परवाना नसलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

पुढच्या वेळेसाठी आई-वडिलांना काय सांगावे, हा आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात दारात आलेल्याने पाणी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, आणि म्हणूही नये. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. तो पाणी मागतो, मग चप्पल काढून आत येतो, मग खुर्चीवर बसतो, आणि आत बसलेल्या माणसाला ऊठ म्हणणे आपल्या संस्कारात नसल्यामुळे तिथून पुढे सगळे त्याच्या हातात जाते. त्यानंतरचे टप्पे ठरलेले आहेत. "नातवंडांच्या तब्येतीची काळजी आहे ना?" अशा, ज्यांना हो शिवाय उत्तरच नाही अशा प्रश्नांनी सुरुवात होते. बोलणे चालू असताना दुसरा माणूस खोके उघडतो, कारण उघडलेले खोके परत बांधायला सांगताना भल्या माणसाला अवघड वाटते. मग साहेबांना फोन लावून किंमत कमी केली जाते, जणू आपल्यासाठी कोणी उपकार करीत आहे. शेजारच्या घराचे नाव घेतले जाते. शेवटी "ही ऑफर आजचीच" येते. यांपैकी कोणत्याही वाक्याला उत्तर देत बसू नये, कारण प्रत्येक उत्तराचे पुढचे वाक्य त्याला पाठ असते.

म्हणून पाणी द्यावे, परंतु ओसरीत किंवा दारात, आणि जाळीचे दार लावलेले असावे. बोलायचे वाक्य एकच ठरवून ठेवावे: "आमच्याकडे दारात व्यवहार होत नाही, कागद ठेवून जा, लागले तर आम्ही फोन करू." पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच शब्दांत. कारण सांगू नये. "पैसे नाहीत" म्हटले की हप्ते निघतात, "मुलीला विचारते" म्हटले की "लावा फोन, मी बोलतो" येते. ओटीपी, आधार कार्डाचा फोटो आणि कोरा धनादेश या तीन गोष्टी दारात आलेल्या कोणालाही द्यायच्या नाहीत, एवढा नियम मोबाईलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवला तरी चालेल. जायला सांगूनही माणूस उठत नसेल तर ११२ वर फोन करण्यास संकोच करू नये. घरात थांबून धमकावणे किंवा त्रास देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खालचा गृहअतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. वडिलांच्या फोनवर आलेला बँकेचा संदेश आपल्यालाही मिळावा अशी सोय त्यांच्या संमतीने करता येईल, परंतु त्यांच्यापासून लपवून करू नये.

गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दोघांचे फोटो टाकण्याचा विचार आपल्या मनात असल्यास तो सोडून द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. २०१८ साली धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नुसत्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. गटावर लिहायचे तर एवढेच लिहावे की मोफत पाणी तपासणीच्या नावाखाली विक्री होते, काळ्या पाण्याचा प्रयोग दिशाभूल करणारा आहे आणि ओटीपी देऊ नये. कंपनीचा हिशेब कायद्याने होईल. दारोदार उन्हात फिरणाऱ्या पोरांच्या अंगावर कोणी धावून जाता कामा नये.

एक शेवटची गोष्ट, तक्रार कोणी करावी याबद्दल. सही वडिलांची आहे, पैसे त्यांचे आहेत, म्हणून तक्रारदारही तेच असले पाहिजेत. आपण त्यांच्या वतीने सगळे परस्पर उरकू नये. पत्राचा मजकूर मी वर दिला आहे, तो वडिलांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि आपण त्याचा फोटो ईमेलला जोडावा. आयोगासमोर स्वहस्ते लिहिलेल्या अशा पत्राचे वजन असतेच, शिवाय शनिवारी दुपारी काय घडले याचे पहिले नीट कथन त्यांच्याकडूनच नोंदले जाईल.